भात सोडला, खोबरं वाढवलं. आता ताटात काय?

वेंगुर्ल्याजवळच्या एका गावातून आलेलं हे पत्र. लिहिणाऱ्या ताई ५६ वर्षांच्या आहेत, अंगाने सडपातळ. सहा वर्षांपूर्वी त्यांना टाइप टू मधुमेह निघाला. सकाळी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी, रात्री नुसती मेटफॉर्मिन. मुंबईला असलेल्या मुलाने काही व्हिडिओ पाठवले आणि बजावलं, "आई, भात हेच दुखण्याचं मूळ. भात सोड, तेलातुपाला घाबरू नकोस." त्यांनी सकाळची पेज, दुपारचा भात आणि रात्रीची तांदळाची भाकरी सोडली. पोट भरायला सोलकढी, खोबरं पेरलेल्या भाज्या, खोबरेल तेलात परतलेली अंडी, वरून तूप, आणि मध्येच भूक लागली की घरचे काजू. पाच महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर, ८.४ वरून ७.१ वर आलं, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी २४० वरून १५५ वर. घरात आनंदीआनंद. मात्र एलडीएल, ज्याला वाईट कोलेस्ट्रॉल म्हणतात, ते ११८ वरून १६९ वर गेलं. डॉक्टर म्हणाले, नारळ-तूप बंद करा, थोडा भात खा. मुलगा म्हणतो, डॉक्टर जुन्या मताचे आहेत. यजमान म्हणतात, आमचे आजे शीत-कढी खाऊन नव्वदीपर्यंत जगले, हे सगळं खूळ आहे.

ताईंचे प्रश्न असे: भात वाईट की नारळ? नाचणीची भाकरी तरी पोटभर चालेल ना? रविवारी कोंबडी-वडे खाल्ल्यावर दोन तासांनी साखर चांगली येते, म्हणजे वडे चालतात का? हापूसचं काय करायचं? आणि अगदी शेवटी: "मध्येच अकराच्या सुमाराला हातपाय थरथरतात, घाम सुटतो. चार मारी बिस्किटं खाल्ली की बरं वाटतं. माझं बघून आता धाकटे दीरही भात सोडायचं म्हणतात."

ताई,

तुमचा मोठा प्रश्न भाताचा आणि नारळाचा आहे. पण मी सुरुवात तुमच्या शेवटच्या ओळीपासून करते, कारण तिला थांबून चालणार नाही. अकराच्या सुमाराला होणारी ती थरथर आणि घाम हे अशक्तपणाचं लक्षण म्हणून सोडून देऊ नका. रक्तातली साखर गरजेपेक्षा खाली जाते तेव्हा नेमकं असंच होतं. तुमच्या सकाळच्या गोळीतलं ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. पोटात पेज गेली आहे की अंडी, हे ते बघत नाही. डॉक्टरांनी त्या गोळीचं प्रमाण ठरवलं तेव्हा तुम्ही वाडगाभर पेज पीत होता. पेज गेली, गोळी तेवढीच राहिली. त्यात तुम्ही लिहिता की सकाळी बागेत पाणी घालणं, पाला काढणं चालू असतं आणि दुपारचं जेवण कधी अडीचला, कधी तीनला होतं. मग अकराला साखर उतरणारच.

याच आठवड्यात डॉक्टरांना सांगा की मी पाच महिन्यांपूर्वी भात जवळजवळ बंद केला आणि तेव्हापासून असं होतं. गोळी मनाने बंद करू नका, मनाने अर्धीही करू नका, पण हे न सांगता एक आठवडाही काढू नका. पुन्हा थरथर सुटली तर ग्लुकोमीटर जवळ असल्यास साखर बघा. ७० च्या खाली असेल, किंवा यंत्र हाताशी नसेल, तर तीन-चार लहान चमचे साखर पाण्यात ढवळून प्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. अजून कमीच असेल तर तेवढीच साखर पुन्हा घ्या. बरं वाटलं की काहीतरी खाऊन घ्या. बिस्किटं या कामाची नाहीत, कारण त्यातल्या पिठाची साखर व्हायला वेळ लागतो आणि त्यातल्या तेलामुळे आणखी उशीर होतो. काजूही नकोत. यजमानांना आणि शेजारणीला एवढं सांगून ठेवा की बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नसतं, सरळ दवाखाना गाठायचा असतो.

आता भात आणि नारळ.

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते: दोघांपैकी एक गुन्हेगार असणार, तो सापडला की दुसऱ्याला मोकळीक. मुलाने भाताला पकडलं, डॉक्टरांनी नारळाला, आणि तुम्ही मध्ये उभ्या. पण तुमचे स्वतःचेच रिपोर्ट बघा. भात कमी झाल्यावर साखर उतरली, ट्रायग्लिसराइडही उतरलं. मुलगा बरोबर होता. नारळ आणि तूप वाढल्यावर एलडीएल चढलं. डॉक्टरही बरोबर आहेत. ही दोन वेगळी खाती आहेत. जेवणानंतरची साखर मुख्यतः कर्बोदकांवर चढते-उतरते, म्हणजे भात, भाकरी, पोहे, बटाटा, साखर, फळं यांवर. एलडीएलवर जास्त परिणाम होतो तो स्निग्ध पदार्थ कोणत्या जातीचे खाता याचा. साखरेचं खातं सुधारलं म्हणून दुसरं आपोआप सुधारत नाही, आणि मधुमेह असलेल्यांना दुसऱ्या खात्याकडे पाठ फिरवणं परवडत नाही. हृदयविकाराचा धोका त्यांना इतरांच्या जवळपास दुप्पट असतो.

भात जास्त होत होता, यात वाद नाही. घरातल्या वाटीने एक वाटी शिजलेला भात साधारण शंभर ग्रॅम भरतो आणि त्यात २८ ते ३० ग्रॅम कर्बोदकं असतात. तुम्ही पूर्वी दुपारी तीन वाट्या जेवत होता, म्हणजे एका बैठकीला नव्वद ग्रॅम, वर आमटीतलं आणि भाजीतलं वेगळं. हे फक्त तुमचं नाही. 'आयसीएमआर-इंडियाब' या देशभरातल्या मोठ्या पाहणीच्या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की आपल्याकडच्या जेवणातल्या सरासरी ६२ टक्के कॅलरी कर्बोदकांतून येतात. त्याच पाहणीवर आधारलेल्या २०२२ च्या अभ्यासाने, नव्याने मधुमेह निघालेल्यांचा आजार मागे हटवण्यासाठी जे प्रमाण सुचवलं, ते कर्बोदकं ४९ ते ५४ टक्के, प्रथिनं १९-२० टक्के आणि स्निग्ध पदार्थ २१ ते २६ टक्के असं आहे. त्यात भात शून्यावर आणायला कोणी सांगितलेलं नाही. निम्म्याच्या आसपास आणा, आणि कमी झालेल्या जागी प्रथिनं येऊ द्या, असं त्याचं सार. तुम्ही भाताची रिकामी जागा खोबऱ्याने भरली. माझ्या मते चूक तिथे झाली, भात कमी करण्यात नव्हे.

मुलाला आणखी एक गोष्ट दाखवा. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' या चाचणीचे निकाल २०१७ मध्ये आले. वजन जास्त असलेल्या आणि मधुमेह होऊन सहा वर्षं न झालेल्या लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८२५ ते ८५० कॅलरींचं पातळ अन्न दिलं. वर्षाअखेर त्यांच्यातल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली राहिली होती. त्या अन्नातल्या निम्म्याहून जास्त कॅलरी कर्बोदकांच्या होत्या! तरी आजार मागे हटला, कारण एकूण अन्न कमी झालं, वजन उतरलं आणि यकृतात साठलेली चरबी निघाली. यकृत चरबीने भरलं की ते इन्सुलिनचं ऐकेनासं होतं आणि रात्रभर साखर बनवत राहतं. म्हणून काही न खाताही सकाळची उपाशीपोटीची साखर जास्त येते. ती चरबी जादा भातानेही साठते आणि जादा तेलातुपानेही. हा प्रयोग तुम्ही करावा म्हणून मी हे सांगत नाही. तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गोळ्या थांबवून झाला होता आणि तुमच्या अंगावर उतरवण्यासारखं फारसं वजनही नाही. सांगायचं एवढंच की एकट्या भाताला फासावर चढवण्याइतकी ही गोष्ट सोपी नाही.

"मी तर बारीक आहे, मला चरबी कुठली?" असं तुम्ही लिहिलंय. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये एका ब्रिटिश सहकाऱ्याबरोबर स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण ब्रिटिश डॉक्टरांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडच्या सडपातळ माणसाच्या पोटात, यकृतात चरबी लपलेली असू शकते. तेव्हा वजनकाट्यापेक्षा कमरेच्या मापावर लक्ष ठेवा. बायकांसाठी आपल्याकडे ८० सेंटीमीटरच्या आत असावं असं धरतात.

आता नारळाचा हिशेब. कोकणात नारळावर बोलणं म्हणजे घरच्या माणसावर बोलणं, म्हणून जपूनच बोलते. शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण ३३ ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतात आणि त्यातले जवळपास नव्वद टक्के संपृक्त, म्हणजे एलडीएल वाढवणाऱ्या जातीचे. तुम्ही लिहिल्याप्रमाणे दिवसाकाठी तुमच्या एकटीच्या वाट्याला अर्धी कवड, म्हणजे पाव नारळ येतो, साठेक ग्रॅम खोबरं धरू. त्यातून सुमारे १८ ग्रॅम संपृक्त. स्वयंपाकातलं तीन चमचे खोबरेल, त्यातून १२. दोन चमचे तूप, त्यातून ६. बेरीज ३६ ग्रॅम. दीड हजार कॅलरींच्या जेवणात संपृक्त स्निग्ध १६-१७ ग्रॅमच्या वर जाऊ नये असं धरलं जातं. तुम्ही दुपटीच्या पुढे आहात. खोबरेल तेल नैसर्गिक आहे, त्याने कोलेस्ट्रॉल वाढत नाही, असं मुलाच्या व्हिडिओत सांगितलं असेल. पण अनेक चाचण्या एकत्र तपासून २०२० मध्ये निष्कर्ष मांडला गेला, त्यात इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल सरासरी १० मिलिग्रॅमने जास्त येतं असं दिसलं.

म्हणून नारळ बंद करायचा का? मी बंद करा म्हणणार नाही. नारळ बंद झालेलं ताट मालवणी माणूस पंधरा दिवसांवर जेवत नाही, आणि पंधरा दिवस टिकणाऱ्या पथ्याचा उपयोग नाही. पण नारळाच्या रूपांमध्ये फरक करा. खोबरं किसून भाजीवर पेरता तेव्हा त्याचा चोथाही पोटात जातो, चमचाभर खोबऱ्याने भाजी सजते आणि ताटात भाजी जास्त खाल्ली जाते. सोलकढीत खोबरं वाटून, पिळून रस घेता आणि चोथा टाकता. तंतू गेले, स्निग्ध तेवढे राहिले, आणि वाटीवर वाटी प्यायली जाते. तेव्हा रोजची सोलकढी रविवारपुरती ठेवा आणि इतर दिवशी आमसुलाचं तिवळ करा, नारळाचा रस न घालता, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि जिरं लावून. माशाच्या आमटीचं वाटप निम्म्या खोबऱ्यात करा. धणे, कांदा आणि दोन-तीन तिरफळं घातली की चव मार खात नाही. बांगड्याचं तिखलं तर खोबऱ्याविनाच जमतं. फोडणीला शेंगदाणा तेल किंवा तिळाचं तेल घ्या आणि माणशी महिन्याला साधारण अर्धा लिटर एवढ्यात बसवा. तूप अर्धा चमचा, तेही गरम भातावर, जिथे ते लागतं. मुलगा "घाबरू नकोस" म्हणाला, ते काजूच्या बाबतीत खरं आहे. त्यातले स्निग्ध पदार्थ बरेचसे असंपृक्त असतात. दहा-बारा भाजलेले काजू चालतील, फक्त डबा समोर घेऊन बसू नका. ताटलीत काढा आणि डबा फडताळात ठेवा.

रिकामी जागा कशाने भरायची, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तुमच्या दारात आहे. बांगडा, तारली, पेडवे हे स्वस्त मासे सुरमई-पापलेटपेक्षा मधुमेहाच्या माणसाला जास्त उपयोगी; त्यांत ओमेगा थ्री भरपूर असतं आणि ट्रायग्लिसराइडवर त्याचा चांगला परिणाम होतो. फक्त रवा लावून तेलात सोडलेला बांगडा वेगळा हिशेब मागतो, कारण रवाही आला आणि त्याने प्यायलेलं तेलही. तव्यावर थोड्या तेलात भाजा किंवा केळीच्या पानात. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि श्रावणात बऱ्याच घरी मासे नसतात, तेव्हा काळे वाटाणे, चवळी, कुळीथ, मूग, वाल. सुकट आणि सुका बांगडा यांत मीठ फार असतं. रक्तदाब असेल तर जपून, आणि आधी भिजवून पाणी काढून टाका. पावसात टाकळा, कुर्डू, भारंगी, अळू, शेवग्याचा पाला पैसे न मोजता मिळतात. त्या वाटीभर नको, ताटभर घ्या. कुळथाची पिठी उत्तम, पण तिच्यातही कर्बोदकं असतात. पिठी-भात जेवायचा तर भात थोडा आणि सोबत भाजी किंवा अंडं हवंच.

मी तुमच्या जागी असते तर दुपारी एक वाटी उकड्या तांदळाचा भात परत घेतला असता. उकड्या तांदळाची साखर सुरय, म्हणजे न उकडलेल्या तांदळापेक्षा सहसा थोडी सावकाश चढते. पण तोच तांदूळ गुरगुटा शिजवून पेज केली की तो फायदा बराचसा जातो, कारण शितं जितकी मऊ तितकी पचायला सोपी. म्हणून सकाळी पेजेऐवजी दोन लहान घावणे किंवा एक आंबोळी आणि वाटीभर काळ्या वाटाण्याची उसळ घ्या. अकराची थरथर थांबायलाही याची मदत होईल, मात्र गोळीचं प्रमाण डॉक्टरांनी बघितल्यावर. जेवताना आधी भाजी आणि मासा किंवा उसळ, मग भात. या क्रमाने जेवल्यावर साखर कमी चढते असं तपासून पाहिलेलं आहे. आणि रात्रीचं जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं अंगणात, रस्त्यावर चाला. न्यूझीलंडमध्ये २०१६ साली मधुमेह असलेल्यांवर केलेल्या अभ्यासात, दिवसात कधीतरी अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालल्याने जेवणानंतरची साखर जास्त उतरली, आणि सगळ्यात जास्त फरक रात्रीच्या जेवणानंतर पडला.

नाचणीबद्दल स्पष्ट सांगते, कारण हा गैरसमज घरोघरी आहे. नाचणीत तंतू आहेत, कॅल्शियम भरपूर आहे, ती जरूर खावी. पण नाचणीच्या पिठातही शंभर ग्रॅममागे ६५ ते ७० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. एक मध्यम भाकरी म्हणजे जवळपास एक वाटी भातच. 'इंडियाब'च्या त्याच २०२५ च्या अभ्यासात, कर्बोदकं तेवढीच ठेवून नुसता तांदूळ काढून भरड धान्याचं पीठ आणल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. म्हणजे एक भाकरी हो, पोटभर नाही. आणि नाचणीचं सत्त्व आजारी माणसाला दिलं जातं ते पटकन पचतं म्हणून. तुम्हाला तेच नको आहे.

वड्यांचं गणित फसवं आहे. वडा तळलेला, सोबत कोंबडीचा रस्सा. स्निग्ध पदार्थ भरपूर असले की जठर अन्न सावकाश पुढे ढकलतं. म्हणून दोन तासांनी बोट टोचलंत तेव्हा १५० आली आणि तुम्हाला वाटलं निभावलं. वड्यांच्या पिठाची साखर तेव्हा वाटेत होती. पुढच्या वेळी चार तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही बघा. सणावारी दोन वडे खाण्याने आभाळ कोसळत नाही, पण दोन तासांच्या आकड्यावर विसंबून आठ खाऊ नका. हेच बिर्याणीला आणि पुरी-भाजीलाही लागू आहे.

पट्ट्या महाग असतात, म्हणून रोज टोचत बसू नका. आठवड्यातून दोन जेवणं निवडा. जेवायच्या आधी एकदा आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी एकदा. एकदा एक वाटी भात-मासा-भाजी, एकदा भाकरी-उसळ. तीस-चाळीस अंकांची चढ ठीक आहे. सत्तर-ऐंशी चढली तर त्या जेवणातलं काय कमी करायचं ते बघा. दोन महिन्यांत तुम्हाला तुमच्या अंगाचं जे कळेल ते कुठला व्हिडिओ सांगू शकणार नाही, आणि मीही नाही.

तुमच्या पत्रात आणखी एक वाक्य आहे, जे बहुतेक तुम्ही सहज लिहिलंत: "सगळ्यांची जेवणं झाली की मी बसते, टोपात उरलेलं संपवते." ताई, माझ्या मते तुमच्या ताटातला निम्मा घोटाळा इथे आहे. टोपात उरतो तो भात. मासे घरच्यांच्या पानात गेलेले असतात, भाजी संपलेली असते, आणि अन्न टाकवत नाही म्हणून करपलेल्या कडेसकट भात तुमच्या पोटात जातो. आता भात सोडलात, तर उरलेली सोलकढी आणि वाटपाचा रस्सा जातो. तुमच्यासाठी वेगळं शिजवायची गरज नाही. गरज आहे ती तुमचं ताट आधी वाढून झाकून ठेवण्याची: एक वाटी भात, माशाची एक चांगली तुकडी, दोन वाट्या भाजी. आणि एकच्या सुमाराला जेवायची. ग्लिमेपिराइड घेणाऱ्या बाईने घरच्यांसाठी तीनपर्यंत उपाशी राहणं हे पथ्यपाणी मोडण्याइतकंच धोक्याचं आहे, हे यजमानांना माझं नाव घेऊन सांगा. उरलेला भात सकाळी फोडणी देऊन घरातली तरुण मंडळी खातील.

यजमानांच्या आज्यांविषयी: नव्वदीपर्यंत जगलेले आजे सगळ्यांना आठवतात, पन्नाशी-साठीत अचानक गेलेले गणतीत येत नाहीत. आणि जगलेल्यांनी डोंगर चढून शेतासाठी कवळ, म्हणजे झाडपाला आणला, नांगर धरला, बाजाराला पायी गेले. भात तोच असेल, पण तो पचवायला लागणारे कष्ट राहिले नाहीत. त्यांच्या घरात चहाबरोबर खारी-टोस्टचा डबाही नव्हता. शीत-कढीला दोष द्यायचं कारण नाही, पण तिच्यावर हवाला ठेवून बसायचंही कारण नाही.

हापूस. एका मध्यम, अडीचशे ग्रॅमच्या आंब्यात साल आणि कोय काढून दीडशे ग्रॅम गर निघतो आणि त्यात २२ ते २५ ग्रॅम कर्बोदकं असतात. म्हणजे पाऊण वाटी भात. हंगामात अर्धा आंबा, फोडी करून, दुपारी चारला, बाकी काही न खाता. किंवा जेवताना हवा तर त्या दिवशी भात अर्धी वाटी. आमरस मात्र टाळा. वाटीवर वाटी रस घेताना दोन-तीन आंबे कधी गेले ते कळत नाही आणि मागे पुऱ्या येतातच. पिकलेल्या फणसाचेही चार-पाच गरे, त्याहून जास्त नकोत. कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी मात्र मनसोक्त, खोबरं बेताचं घालून.

डॉक्टरांकडे जाताना गोळीच्या प्रमाणाबरोबर हेही विचारा: एलडीएल एवढं वाढलंय तर थायरॉइड तपासायचं का? थायरॉइड मंदावल्यानेही ते वाढतं. लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन बघून घ्या. किडनीवर ताण दिसला तर मासे-डाळी किती खायच्या ते डॉक्टर वेगळं सांगतील आणि मग माझं वरचं प्रमाण लागू नाही. ते कोलेस्ट्रॉलची गोळी सुचवतील. चाळिशीपुढच्या मधुमेह असलेल्या बहुतेकांना स्टॅटिन सुचवलं जातं, नारळ खाल्ला म्हणून शिक्षा म्हणून नव्हे. "आधी तीन महिने खाण्यात बदल करून बघू का?" हा प्रश्न जरूर विचारा, पण ते नाही म्हणाले तर हट्ट करू नका. एचबीएवनसी आणि लिपिड दोन्ही तीन महिन्यांनी पुन्हा.

आता तुमचे दीर. तुमचं बघून भात सोडायच्या आधी त्यांना गोळ्यांची पाकिटं घेऊन बसवा आणि नावं वाचा. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल, किंवा इन्सुलिन चालू असेल, तर तुम्हाला झालं तेच त्यांना होईल, कदाचित गाडी चालवताना. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर धोका निराळा आहे. या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर काढतात. त्यावर असताना कर्बोदकं एकदम तोडली किंवा कडक उपास धरले, तर साखर जवळपास ठीक दिसत असतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं असं काही झालं तर ग्लुकोमीटरवरचा आकडा बघून घरी थांबायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालयात जायचं आणि कोणती गोळी घेतो ते तिथे पहिल्यांदा सांगायचं. त्यांनी भात थोडा कमी करायला हरकत नाही, पण डॉक्टरांना विचारून आणि एकदम नाही. आधी तीन वाट्यांच्या दोन, मग दोनाची एक.